आबांच्या फेट्यावरचं घोडं

“राजा, पाव्हन्यास्नी इचार, करंजी आनखी एक घेनार का?”

राजा म्हणजे आमचा कुत्रा. पाव्हणे म्हणजे माझा नवरा मुकुंद. तो आबांच्या समोरच, पलीकडच्या भिंतीला टेकून फराळ करत होता. राजाने आधी आबांकडे पाहिलं, मग मुकुंदकडे, मग करंजीकडे. त्याचं स्वतःचं मत काय आहे ते त्याच्या शेपटीवरून सगळ्यांना कळलं.

“नको, राजा,” मुकुंद अगदी गंभीरपणे म्हणाला. “आबांना सांग, पोट भरलं.”

“भरलं म्हनत्यात का? बरं. मग च्या घ्या म्हनावं.”

सोनाआत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, तोंडाला पदर लावून खुसुखुसू हसत होती. दिवाळीसाठी ती मुद्दाम आली होती, आणि असला तमाशा तिला फुकटात बघायला मिळत होता. पहिल्या दिवशी मीही हसले. दुसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी, जावयाचा दिवाळसण, आणि माझे वडील माझ्या नवऱ्याशी कुत्र्यामार्फत बोलत होते!

याचं मूळ होतं आमच्या शेवंतीच्या वावरात. पुरंदरच्या डोंगराखाली आमची शेती. आबा शेवंती लावायचे, आणि शेवंतीवर मावा पडला की पाठीवर पंप अडकवून औषध मारायचे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मुकुंद माझ्या दोन वर्षं पुढे होता, किड्यांचा अभ्यास करायचा. मी त्याला घर दाखवायला आणलं त्या दिवशी आबा नेमके फवारत होते. मुकुंदला पानावर एक मरायला टेकलेला प्रार्थना कीटक दिसला. हिरवागार, बोटाएवढा, पुढचे दोन पाय जोडलेले. आमच्याकडे त्याला खंडोबाचं घोडं म्हणतात. आबा तर ते दिसलं की चप्पल काढून हात जोडायचे. मुकुंदने ते तळहातावर घेतलं आणि सरळ, गड्यांच्या देखत आबांना विचारलं, “एका हातानं याला नमस्कार करायचा आणि दुसऱ्या हातानं औषध मारायचं, हे कसं काय?”

झालं. आमचे आबा नाकावर माशी बसू न देणारे. त्यांनी लग्न लावून दिलं, कारण मी हटून बसले. पण मांडवातच, सगळ्या भावकीसमोर, खंडोबाच्या टाकावर भंडारा वाहून ते म्हणाले, “पोरगी दिली. आता ह्या मानसासंगं माज्या तोंडातनं सबुद जायचा न्हाई.” गावात आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. बोलले ते बोलले.

तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले आणि आईसमोर स्फोट केला.

“आई, उद्या पाडवा. उद्या जर आबा त्यांच्याशी बोलले नाहीत, तर मी परत या घरात पाऊल टाकायची नाही. कुत्र्याच्या तोंडून चहा प्यायला माझा नवरा काही रस्त्यावर पडलेला नाही!”

“हळू बोल गं नलू.”

“का हळू? ऐकू दे की! खरंच सांगते, परत यायची नाही.”

मागच्या खिडकीबाहेर म्हशीसमोर कुणीतरी कडबा टाकत होतं. त्याचा आवाज थांबला. आईने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा शेवेचं पीठ मळायला लागली. मी मात्र बोलून बसले होते. आता शब्द माझाही होता, आणि मी शेवटी आबांचीच मुलगी. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला रडू आलं. मुकुंद म्हणाला, “नलू, घाई नको. या प्राण्यांचं निरीक्षण करायचं तर आधी आपण स्थिर बसायला शिकावं लागतं.” मी म्हटलं, “माझे वडील प्राणी आहेत का?” तो म्हणाला, “फार सुंदर प्राणी आहेत.” यावर त्याच्याशी भांडावं की नाही हे ठरवता ठरवता मला झोप लागली.

पाडव्याच्या सकाळी आईने ओसरीवर दोन पाट मांडले, एकमेकांना अगदी लागून. भोवती रांगोळी काढली. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, लेक बापाला ओवाळते. म्हणजे मला दोघांनाही ओवाळायचं होतं. पाट असे चिकटून मांडण्यात आईचा डाव होता, पण त्यात राम नव्हता. आबा येणार, आपला पाट पायाने सरकवत पार पलीकडच्या भिंतीला नेणार, हे ठरलेलं होतं.

मुकुंद नवीन सदरा घालून पाटावर बसला. मी निरांजन लावलं. आणि आबा आतून आले.

ते विचित्र चालत होते. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी तसे, मान ताठ, नजर सरळ, पाऊल बेताचं. डोक्याला लाल फेटा. उजव्या हाताच्या बोटाला हळद लावलेली चिंधी.

“बोटाला काय झालं?” मी विचारलं.

“इळा लागला.”

आणि सोनाआत्या किंचाळली, “दादा! घोडं!”

फेट्याच्या पुढच्या घडीवर, कपाळाच्या बरोबर वर, एक थोरलं हिरवं घोडं बसलं होतं. पुढचे पाय जोडून, तिकोनी तोंड इकडे तिकडे वळवून ते आमच्याकडे पाहत होतं. आबांचा फेटाच देऊळ, आणि हे आत बसलेले देव.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी. घोडं अंगावर बसलं की देव बसला. त्याला हाकलायचं नाही, झटकायचं नाही. ते आपण होऊन उतरेपर्यंत आपण जागचं हलायचं नाही. आमचे पणजोबा म्हणे एकदा सासवडच्या बाजारात खांद्यावर घोडं घेऊन उभे राहिले. कुणीतरी येऊन बैलाचा कासरा सोडवून बैल घरी नेला, तरी हे आपले उभेच. गावातल्या दुसऱ्या कुणाच्या घरात ही रीत नव्हती. आमच्यात मात्र पक्की.

“आता गं बया,” आबा म्हणाले. आवाज जरा मोठाच होता. “आता बसायलाच पायजे.” आणि मान न हलवता, गुडघे मोडत मोडत ते मुकुंदच्या शेजारच्या पाटावर बसले. पाट सरकवणं आता शक्यच नव्हतं. खांद्याला खांदा लागला. राजा समोर येऊन बसला. आपल्याला काम पडणार हे त्याला ठाऊक होतं.

मुकुंद तर घोडं पाहून हरखून गेला होता. तो वाकून फेट्याजवळ तोंड नेऊ लागला.

“राजा,” आबा समोर बघत म्हणाले, “सांग त्यास्नी, घोड्याला हात लावायचा न्हाई.”

“राजा, आबांना सांग, नुसतं बघतोय.”

“हे तुमचंच काम!” आत्याने मुकुंदवर बोट रोखलं. “किडं पाळायचा नाद तुमाला. दादाला जागी बसवायला तुमीच चढवलं ते फेट्यावर!”

मुकुंदने तोंड उघडलं. मग त्याने एकदा घोड्याकडे पाहिलं, एकदा आबांच्या बोटावरच्या चिंधीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मला त्याचा राग आला. सरळ ‘नाही’ म्हणून सांगायला काय झालं होतं?

“त्यांनी न्हाई बसवलं,” आबा म्हणाले.

“मग कुनी?”

“द्येवानं.”

मी ओवाळायला निरांजन उचललं. आई दारातून म्हणाली, “जपून गं. उडून ज्योतीवर यायचं ते.”

“नाही उडायची,” मुकुंद म्हणाला. “ही मादी आहे. पोट बघा कसं भरलंय. अंडी पोटात असली की जडपणामुळे तिला उडता येत नाही. चालतच हिंडते.”

आबांचे कान लाल झाले. मला वाटलं, निरांजनाच्या आचेने.

मी ताम्हन फिरवायला लागले. ज्योत उजवीकडे गेली की घोड्याचं तोंड उजवीकडे. डावीकडे आली की डावीकडे. मान अशी फिरवत होती ती बाई, की आपल्यालाच ओवाळताहेत असा तिचा समज झाला असावा. मला हसू आवरेना. ताम्हन हलायला लागलं, सुपारी खाली पडली, आई ओरडली, आणि आबांच्या मिशाही थरथरायला लागल्या, पण मान मात्र जागची हलली नाही.

मग मी मुकुंदला ओवाळलं. आता रीतीप्रमाणे जावयाने रुसायचं होतं. सासऱ्याने ‘काय हवं’ म्हणून विचारायचं, जावयाने तोंड फुगवायचं आणि घड्याळ नाहीतर अंगठी मागून घ्यायची.

“रुसा की जावईबापू!” आत्या म्हणाली.

“मला रुसता येत नाही,” मुकुंद म्हणाला. आणि ते खरं होतं. मी पाच महिने प्रयत्न करून पाहिला होता.

“राजा,” आबा म्हणाले, “इचार त्यास्नी, काय पायजे.”

मुकुंदने राजाच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, “राजा, आबांना सांग, त्यांनी मला एकदा नावानं हाक मारावी. बाकी काही नको.”

माझ्या हातात ताम्हन तसंच राहिलं. आत्याचंही हसणं थांबलं. आबा समोर पाहत होते. उत्तर काय येतं म्हणून सगळ्यांनी राजाकडे पाहिलं. आणि राजाने, त्या नालायकाने, नेमकी तीच वेळ साधली. आईच्या ताटातला अनारसा उचलला आणि अंगणात पळाला.

मध्यस्थ गेला. दोघं खांद्याला खांदा लावून बसलेले, मधे कुणी नाही.

तेवढ्यात एक माशी आली. बासुंदीच्या पातेल्यावर फिरून आलेली, चांगली गुबगुबीत. आबांच्या मिशीभोवती तिने दोन घिरट्या घातल्या आणि सरळ त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर बसली.

ज्यांच्या नाकावर उभ्या जन्मात माशी बसली नव्हती, त्यांच्या! आणि त्यांना हात हलवायची चोरी.

आबांचे दोन्ही डोळे नाकाकडे वळले. घोड्याचं तोंडही वळलं. ती घडीवरून हळूच उतरून भुवयांच्या मधे आली, डोकं खाली, पोट वर. मग वाऱ्यावर पान डोलावं तशी डुलायला लागली. जरा डुलायची, थांबायची. परत जरा डुलायची, पुढे सरकायची. कुणी श्वास घेत नव्हतं. मुकुंदचं तोंड उघडंच राहिलं होतं. आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तिचे पुढचे पाय सुटले आणि मिटले. माशी नाकावर नव्हती. ती घोड्याच्या पायात फडफडत होती.

“बगितलंसा का वं, मुकुंदराव!” आबा ओरडले.

ओरडून झालं, आणि मग त्यांना कळलं आपण काय केलं ते.

आईच्या हातातला डाव खणकन पडला. “दादा बोलला!” आत्या म्हणाली. “अगं वहिनी, दादा बोलला! नावानं बोलला!” मी हसत होते की रडत होते मला कळत नव्हतं. ताम्हनातल्या अक्षता सगळीकडे सांडल्या होत्या. मुकुंद मात्र हलला नाही. “बघितलं, आबा,” तो हळूच म्हणाला. “माझ्या आयुष्यात मी इतक्या जवळून नाही बघितलं.”

आबांनी मान आणखी ताठ केली. मिशीखाली ओठ हलत होते. मग म्हणाले, “ज्येच्या म्होरं शपथ घेतली, त्येचंच घोडं. त्येला नको आसतं तर ते बसलंच नसतं. काय गं सोने?”

“व्हय की!” आत्या म्हणाली. “द्येवानंच सोडवली शपथ.”

“मग झालं तर.” आणि लगेच मुकुंदला, “आता त्या माशीचं काय करनार ती?”

“डोक्यापासून खायला लागेल.”

“डोक्यापासनं?” आबा खूश झाले. “ब्येस.”

मला वाटलं, आता ती माशी खाईल, उतरेल, आणि आपण जेवायला बसू. पण ती जेवून, तोंड पुसून, पुढचे पाय मांजरासारखे चाटून पुन्हा फेट्यावर चढली आणि घडीत पोट रोवून बसली. थोड्या वेळाने आत्या म्हणाली, “आगं बाई, हिला फेस आला!”

खरंच, तिच्या पोटाच्या टोकातून साबणाच्या फेसासारखं पांढरं काहीतरी येत होतं, आणि पोटाचं टोक ती डावीउजवीकडे फिरवून ते थरावर थर लिंपत होती.

“अंडी घालतेय,” मुकुंद कुजबुजला. “हा फेस वाळून कडक होतो. आत अंडी सुरक्षित राहतात.”

“फ्येट्यावर?” आबा म्हणाले. “माज्या?”

“हो.”

“आन् येळ किती लागंल?”

“दोन-तीन तास सहज.”

आबांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. “तीन तास!” ते म्हणाले. “न्हाई म्हंजी… मला वाटलं, पंदरा मिन्टं.”

“रीत मोडायची तर मी अलगद उतरवतो,” मुकुंद म्हणाला.

“हात लावू नका! बाळंतीन हाय ती.”

मग काय, ते तीन तास! आबांना मान खाली करता येईना, म्हणून मुकुंदने त्यांना ताटातला घास घास भरवला. पुरणपोळी, कटाची आमटी, वर बासुंदी. आमटी मिशीवर सांडली की मुकुंदच पुसायचा. गावातून पाडव्याच्या पाया पडायला माणसं येत होती, आणि पायरीवरच थबकत होती. आबा ताठ मानेने सगळ्यांना आशीर्वाद देत होते, “हां हां, लांबनंच. बाळातपन चालू हाय.”

मधेच आत्याने विचारलं, “जावईबापू, खरं का वं, ह्यांच्यातली बायकू नवऱ्याला खाती?”

“कधीकधी. पोट रिकामं असलं तर. म्हणून नर फार जपून येतो. वारा सुटला, पानं हलायला लागली, की तेवढ्यात पुढे सरकतो. वारा थांबला की हा थांबतो.”

“आन् सापडला तर?”

“तर खाते.”

आबा म्हणाले, “ह्यात नवीन काय सांगितलंसा? माज्या लग्नाला तीस वर्सं झाली.”

“काय म्हनालात?” स्वयंपाकघरातून आई.

“काय न्हाई! वारं थांबलं म्हनालो!”

मी हसून हसून खांबाला टेकले. माझ्या डोळ्यांसमोर मुकुंद पाच महिने कसा पुढे सरकत होता ते आलं. आबा चिडलेले असले की स्तब्ध. आबांच्या फुलांना भाव बरा मिळाला, आबा हसले, की पाऊलभर पुढे. आणि मी मूर्ख त्याला भेकड म्हणत होते.

ऊन ओसरीच्या कडेपर्यंत आलं तसे आबा शांत झाले. गप्पा संपल्या होत्या. बराच वेळ फक्त फेस लिंपला जात होता. मग ते समोर बघतच म्हणाले, “औषिद मारलं की ही समदीच मरत्यात का वं?”

मुकुंद म्हणाला, “बहुतेक. मावाही मरतो आणि त्याला खाणारेही. मावा लवकर परत येतो. ही येत नाहीत.”

“त्या दिशी तुमी इचारलंसा. मला राग आला.”

“मी चारचौघांत विचारायला नको होतं.”

“न्हाई. इचारलंसा ते बराबर व्हतं, म्हनूनच राग आला.” आबांचा आवाज बारीक झाला होता. “हात जोडून जोडून मी किती मारली आसतील, मल्हारी जाने.”

आबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मुकुंदने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि आबांनी तो राहू दिला.

तेवढ्यात घोडं हललं. थकलेली, पोट रिकामं झालेली ती मादी फेट्यावरून उतरायला लागली. कानामागून, मानेवरून, आबांच्या खांद्यावर आली. तिथे जरा थांबली, मान वळवून पाहिलं, आणि एक लांब पाय टाकून शेजारच्या खांद्यावर गेली. मुकुंदच्या.

आबा मोठ्यांदा हसले. “आता तुमची पाळी! हलायचं न्हाई मुकुंदराव!”

“पण ती माझ्या घरची रीत नाही,” मुकुंद म्हणाला. हलला मात्र नाही.

“जावई म्हंजी घरचाच की.”

आबांची सुटका झाली होती. तीन तास पाटावर बसून त्यांचे पाय बधिर झाले असणार. फेटा काढावा, पाय मोकळे करावेत, तंबाखू मळावी, सगळं आता करता आलं असतं. आबा उठले नाहीत. त्यांनी फक्त आईला हाक मारली, “आगं, पाव्हन्याचं ताट आन. त्यास्नी मी भरवतो.”

फेटा त्याच घडीत चुलीजवळच्या खुंटीवर ठेवला गेला. त्याच्या घडीवर त्या वाळलेल्या फेसाचं, करड्या रंगाचं, अक्रोडाएवढं अंड्यांचं कोटर चिकटलेलं. आबांनी पुढचा महिना टोपीवर काढला. चंपाषष्ठी होऊन चारेक दिवस झाले असतील, तेव्हा फुलांचा टेम्पो घेऊन पुण्याला येणारा आमच्या गावचा दगडू मुकुंद आता जिथे शिकवायचा त्या कृषी महाविद्यालयात शिरला आणि सगळ्या प्राध्यापकांसमोर म्हणाला, “सर, निरोप हाय. सासऱ्याच्या फेट्यातनं पोरं निघाली, जावयानं हातातलं काम टाकून यावं.”

आम्ही गेलो तेव्हा स्वयंपाकघराची भिंत मुंग्यांएवढ्या घोड्यांनी भरून गेली होती. एवढीएवढीशी, पण प्रत्येकाचे पुढचे पाय जोडलेले. आई दाराबाहेर चूल मांडून स्वयंपाक करत होती. आबा दारात राखण करत होते आणि भंडारा उधळायला आलेल्या आत्याला दटावत होते, “लांबनं उधळ, लेकरं बारकी हायत!” मुकुंदला पाहून त्यांनी राजाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, “चंपाषष्ठीलाच यायला पायजे व्हती. पन द्येवाचं घोडं, वाटंत थांबलं आसंल.” मग दोघांनी मिळून ती सगळी सुपात झाडून घेतली आणि शेवंतीच्या वावरात सोडली. त्या वर्षापासून अर्धं वावर बिनऔषधाचं राहिलं. आणि पुढे सगळंच. बिचाऱ्या राजाचं काम मात्र कायमचं गेलं.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीला मी आईकडे गेले होते. ट्रंका उन्हात टाकल्या, तर तळाशी तो लाल फेटा निघाला. घडीवरचं कोटर तसंच होतं, पोकळ, भोकं पडलेलं. मी म्हटलं, “आई, खंडोबाने खरंच वेळेवर पाठवलं गं घोडं.”

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. दात नाहीत, पण हसणं तेच. ती जी हसायला लागली ती थांबेचना.

“खंडूबानं कसलं पाठवतोय! अगं, ह्यांनीच आनलं व्हतं.”

“कुणी?”

“तुज्या बानं! आदल्या दिवशी तू माज्यावर वराडलीस ना, परत पाऊल टाकनार न्हाई म्हनून? म्हशीपाशी उभं राहून ऐकलं समदं. रातभर ह्या कुशीवरनं त्या कुशीवर. पहाटं तांबडं फुटायच्या आत खुंटीवरचा फेटा घेतला आन् गेलं वावरात. मी मागनं गेले, काय करत्यात बगाया. तर वाफ्यात उकिडवं बसून, काडीनं त्या घोड्याला फेट्यावर चढवत्यात. ‘चढ गं माय, चढ गं माय’ करत! दोनदा पडलं ते. एकदा बोटाला काटं रुतवलं. मला बगितलं तवा म्हनालं, ‘शपथ मोडायची न्हाई मला. पन घोडं बसलं तर उठून जाता येत न्हाई, आन् शेजारी बसलं तर कायतरी बोलनं निघंल. पंदरा मिन्टांचा तर परश्न हाय.’”

“आणि तू इतकी वर्षं सांगितलं नाहीस?”

“नवरा-बायकूतलं कशाला सांगायचं?” आई डोळे पुसत म्हणाली. “पंदरा मिन्टं! बसले तीन तास!”

आम्ही दोघी त्या फेट्यावर डोकं टेकून हसलो. हसता हसता मी रडायला लागले ते आईलाही कळलं. दगडावरची रेघ होते माझे आबा. माझ्यासाठी पहाटेच्या दवात उकिडवे बसून एका किड्याची मनधरणी करत होते.

पुण्याला परतताना मी फेटा मागून घेतला. घरी आले तर मुकुंद गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होता. आता त्याचे केस पांढरे झालेत, पण चालणं तसंच सावकाश. मी धापा टाकत जिना चढले आणि एका दमात त्याला सगळं सांगितलं. ‘चढ गं माय’सुद्धा. तो शांतपणे झारी खाली ठेवून ऐकत राहिला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसेना.

“तुला माहीत होतं!” मी ओरडले.

“नलू, पोटुशी मादी उडत नाही. फेटा रात्रभर घरातल्या खुंटीवर. आणि आबांच्या बोटाला इळा कधी लागलाय?”

“मग आत्याने तुझ्यावर आळ घेतला तेव्हा बोलला का नाहीस? मला तरी सांगायचंस! इतकी वर्षं!”

मुकुंदने कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं.

“घोडं एकदा बसलं, की ते आपण होऊन उतरेपर्यंत हलायचं नाही,” तो म्हणाला. “तुमच्याच घरची रीत ना?”

मी पिशवीतून फेटा काढला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. जरा वाकडाच बसला. ते रिकामं कोटर कपाळाच्या बरोबर वर आलं. मी पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी काय झालं म्हणून वर बघत होते.

मुकुंद हलला नाही.